प्रयोगवहीतला ९.८

गेल्या सत्राच्या शेवटी वरच्या वर्गांच्या प्रयोगवह्या आमच्याकडे तपासायला आल्या. लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळी टांगायची, वीस दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. स्टॉपवॉच तीन, त्यांतले एक मनात येईल तेव्हा चालणारे. दोरा मोजायला लाकडी मीटरपट्टी, तिचे पहिले टोक झिजलेले. आणि एवढ्या साहित्यावर जवळजवळ प्रत्येक वहीत उत्तर आले होते ९.८.

एका वहीत खोडरबराने पुसलेला आकडा उजेडात धरल्यावर वाचता आला. तो ९.४ होता. वही ज्याची, त्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, "सर, आधी तेच आलं होतं. पण मार्क जातील म्हणून पुसलं."

आम्ही त्याला रागावलो नाही. रागवायचे तर आम्हीच आमच्यावर रागवायला हवे. ९.८ ला पाचपैकी पाच आणि ९.४ ला तीन, असे गुण आम्हीच वर्षानुवर्षे देत आलो. मुलांनी धडा घेतला, पण तो भौतिकशास्त्राचा नव्हता.

ही गोष्ट मनात असतानाच विश्वाच्या सर्वांत जुन्या उजेडाविषयी वाचनात आले आणि या अंकात त्याविषयी लिहायचे ठरवले. पालकांना वाटेल, कुठे आपल्या शाळेतला दोरा-गोळी आणि कुठे विश्वाचे वय! पण दोन्हीकडे अडचण एकच आहे. मोजणारे यंत्र आणि मोजायची वस्तू यांतले नेमके कोण बोलते आहे, हे ओळखायचे कसे?

ज्यांच्या घरी कापूस पिकतो त्यांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. भैंसाच्या बाजारात गाडी आली की शेतकऱ्याचे डोळे दोन ठिकाणी असतात. एक वजनकाट्यावर आणि दुसरे ओलावा मोजायच्या यंत्रावर. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. यंत्राने ११ च्या जागी १३ दाखवले तर माल तोच, मेहनत तीच, पण गाडी परत. 'काटा मारला' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. पण प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम काटा मारतो असेही नाही. कधी काटा आपोआपच खोटे बोलतो, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नसते.

आता आकाशाकडे वळू.

जुन्या टी.व्ही.वर चॅनेल लागत नसे तेव्हा पडद्यावर मुंग्या दिसत, त्या आजच्या पालकांना आठवत असतील. त्या मुंग्यांतला एखादा टक्का गोंगाट विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून आलेला होता. विश्व जन्मल्यानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते इतके निवले की प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. तो प्रकाश तेव्हापासून प्रवास करतो आहे. विश्व पसरत गेले तशा त्याच्या लहरी ताणल्या गेल्या, आणि आज तो डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी आपल्यावर पडतो. त्याला सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण म्हणतात. त्याचे तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७०.४ अंश सेल्सिअस. विश्वाचे वय, त्यातले द्रव्य, पहिले तारे कधी पेटले, अशा प्रश्नांची आज दिली जाणारी उत्तरे मोठ्या प्रमाणात या प्रकाशाच्या मोजणीवर उभी आहेत. आणि ज्या फरकांवरून ही उत्तरे काढायची ते फरक एका लाखात एक भाग इतके लहान. शंभर किलोच्या पोत्यात एका ग्रॅमचा फरक ओळखायचा, असे समजा.

हे प्रारण सापडले कसे, ती गोष्ट पुस्तकांतून बहुधा अर्धीच सांगतात. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या होमडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे कर्ण्याच्या आकाराच्या मोठ्या अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठेही फिरवली तरी एक बारीक गोंगाट जाईना. कर्ण्यात कबुतरांनी घरटे केले होते. ती पकडून दूर नेऊन सोडली, तर ती परत आली. विष्ठा खरवडून काढली, सांधे चिकटपट्टीने झाकले. गोंगाट तसाच. १९६५ मध्ये त्यांनी लिहून टाकले की सुमारे ३.५ केल्विन जास्तीचे येतात आणि त्याचे कारण यंत्रात सापडत नाही. पुढे १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कबुतरांमुळे ही गोष्ट मुलांना आवडते.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. त्याच कर्ण्यावर त्याच्या आधी एडवर्ड ओम नावाच्या अभियंत्याने मोजणी केली होती आणि १९६१ मध्ये ती छापलीही होती. यंत्राच्या प्रत्येक भागाचा गोंगाट त्याने वेगवेगळा मांडला. बेरीज १८.९ केल्विन आली. प्रत्यक्ष मोजणी मात्र २२.२. मधले ३.३ केल्विन कुठून आले? ओमने दोन्ही आकड्यांपुढे अनिश्चितता लिहिली होती, एकापुढे ३ आणि दुसऱ्यापुढे २.२. फरक त्या अनिश्चिततेत बसत होता. विश्वातला सर्वांत जुना प्रकाश त्याच्या वहीत उतरला होता आणि 'चुकीच्या मर्यादेत' या खान्यात झाकून गेला होता.

ओम निष्काळजी नव्हता. त्याने आकडा पुसला नाही, ओढूनताणून जुळवला नाही, होता तसा छापला. म्हणूनच आज आपण ते ३.३ वाचू शकतो. पेन्झियास आणि विल्सन यांच्याकडे त्याच्यापेक्षा मोठी अँटेना नव्हती, अँटेना तीच होती. त्यांच्याकडे जास्तीचे होते ते द्रव हेलियमने थंड केलेले एक उपकरण, ज्याचे तापमान त्यांना नेमके ठाऊक होते. एकदा आकाश पाहायचे, एकदा ते उपकरण पाहायचे, आणि दोन्हींची तुलना करायची. आपल्या भाषेत सांगायचे तर काटा तोच होता, पण त्यांनी छाप मारलेले प्रमाण वजन आणून आधी काटा तपासला.

ही तुलनेची युक्ती पुढे प्रत्येक ठिकाणी दिसते. १९८९ च्या नोव्हेंबरात सोडलेल्या कोबे उपग्रहावर ठाऊक तापमानाचा एक काळा शंकू होता. तो यंत्राच्या तोंडात आणून बसवायचा, मोजायचे, बाजूला करायचा, आकाश मोजायचे. पुढचे दोन उपग्रह म्हणजे २००१ मध्ये सोडलेला डब्ल्यूमॅप आणि २००९ मध्ये सोडलेला युरोपचा प्लँक. त्यांनी तर आपल्या पृथ्वीच्याच चालीला प्रमाण वजन केले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. ज्या दिशेला आपण जातो तिकडचे आकाश त्यामुळे किंचित उबदार दिसते आणि पाठीमागचे किंचित थंड. हा फरक सुमारे ०.२७ मिलिकेल्विन येतो आणि वर्षभरात दिशा बदलतो. पृथ्वीचा वेग आपल्याला फार अचूक ठाऊक असल्यामुळे यंत्राने किती दाखवायला हवे ते आधीच सांगता येते. दहावीच्या मुलाला समजेल इतकी सरळ कल्पना आहे ही, आणि आम्हाला तरी फार सुंदर वाटते.

तरीही काटे जुळत नाहीत असे होते. २०१३ मध्ये प्लँकचे पहिले निकाल आले तेव्हा त्याचे मोजमाप डब्ल्यूमॅपपेक्षा सुमारे अडीच टक्के कमी भरले. दोन्ही गट जगातले उत्तम. दोन वर्षे हिशेब पुन्हा तपासला, यंत्राच्या दृष्टीचा आकार आणि प्रमाणीकरण नव्याने केले, तेव्हा २०१५ मध्ये तो फरक जवळजवळ मिटला. कोणीही खोडरबर उचलले नव्हते.

इथे आपल्या पुण्याची गोष्ट येते, आणि ती आम्हाला थोडी सविस्तर सांगायची आहे.

पुण्यात १९८८ साली आयुका ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, पण बालपण गेले बनारसला, हिंदी माध्यमाच्या शाळेत. महाराष्ट्राबाहेर वाढूनही त्यांनी विज्ञानकथा लिहिल्या त्या मराठीत. आपल्या शाळेतल्या मुलांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. नारळीकर सर महास्फोटाचा सिद्धांत मानत नसत. हे पार्श्वप्रारण ताऱ्यांच्याच प्रकाशापासून, अवकाशातल्या धातूच्या सूक्ष्म सुयांमुळे तयार होत असावे, असे स्पष्टीकरण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही, आणि पुराव्याचे पारडेही दुसऱ्या बाजूला झुकले. पण त्यांनीच उभारलेल्या संस्थेत याच प्रारणावर काम करणारा, प्रचलित सिद्धांत मानणारा मोठा गट वाढला. संस्थापकाचे मत एक आणि संस्थेतल्या मोजणीचे मत दुसरे, हे चालू शकते, हे आपल्याकडच्या संस्थांनी पाहण्यासारखे आहे. (विश्वस्तांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

त्या गटात तरुण सौरदीप आणि अमीर हाजियन यांनी २००३ च्या सुमारास एक गणिती पद्धत तयार केली. आकाश सर्व दिशांनी सारखेच आहे की एखादी दिशा वेगळी आहे, हे तपासण्याची ती चाळणी होती. डब्ल्यूमॅपच्या शास्त्रज्ञांनी सात वर्षांच्या मोजणीला ही चाळणी लावली आणि २०१० मध्ये सांगितले की फरक दिसतो आहे. विश्वाला एक खास दिशा! तसे खरेच असते तर पाठ्यपुस्तके बदलावी लागली असती.

पण एक गोष्ट खटकत होती. ती खास दिशा पृथ्वीच्या भ्रमणकक्षेच्या पातळीशी जुळत होती. अफाट विश्वाला आपल्या लहानशा ग्रहाच्या वाटेशी जुळवून घ्यायचे काय कारण? ज्याची वाट पृथ्वीबरोबर जाते अशी एकच वस्तू या मोजणीत होती, आणि ती म्हणजे उपग्रह स्वतः. पाणी मुरत होते ते तिथेच.

हे समजायला टॉर्च घ्या. भिंतीवर सरळ धरला तर उजेडाचा गोल पडतो, तिरका धरला तर लांबट. दुर्बिणीची नजरही अशीच असते. ती आकाशातला एक बिंदू पाहत नाही, एक ठिपका पाहते. ठिपक्यातल्या सगळ्याची सरासरी होऊन एक आकडा येतो. दुर्बिणीच्या मधोमध सगळेच ग्राहक बसवता येत नाहीत. जे कडेला बसतात त्यांचा ठिपका लांबट होतो. डब्ल्यूमॅप आकाशाच्या काही भागांवरून अनेक कोनांतून जात असे. तिथे लांबट ठिपके एकमेकांवर फिरून पडत आणि सरासरीत गोल होत. कक्षेच्या पातळीजवळ मात्र जाण्याचे कोन मोजकेच होते. तिथे ठिपका लांबटच राहत असे. म्हणून आकाशाचे दोन भाग वेगळे दिसले. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी हे ओळखले होते. पुण्याच्या गटाने २०१२ मध्ये गणित करून दाखवले की डब्ल्यूमॅपमधला हा फरक लांबट ठिपक्यामुळे येतो. पुढच्याच वर्षी प्लँकच्या नकाशांना तीच चाळणी लावली, तेव्हा तसा फरक सापडला नाही. लांबट ठिपक्याचा हिशेब भरभर करणारी एक संगणकीय पद्धत २०११ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि प्लँकने ती वापरली. तिच्यावर काम करणाऱ्यांत आयुकाचे संजित मित्रा अग्रभागी होते.

ज्यांनी चाळणी तयार केली त्यांनाच तिच्यात मोठा शोध सापडल्याचे श्रेय आयते मिळत होते. त्यांनी ते घेतले नाही, काटा तपासला. आमच्या मते या सगळ्या हकिकतीत मुलांना सांगण्यासारखे सर्वांत मोठे काम हेच आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यात उत्तर एकदा नाही, चार वेळा बदलले. विश्वात पहिले तारे कधी पेटले? त्या ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशाने सभोवतालच्या हायड्रोजनचे अणू फुटले, मोकळे झालेले इलेक्ट्रॉन जुन्या प्रकाशाच्या वाटेत आले आणि त्या प्रकाशावर ध्रुवीकरणाचा एक अगदी फिका ठसा उमटला. ठसा जितका गडद, तितके तारे लवकर पेटलेले. डब्ल्यूमॅपने २००३ मध्ये हा ठसा मोजला, आकडा आला ०.१७, आणि जाहीर झाले की पहिले तारे २० कोटी वर्षांनी पेटले. तीन वर्षांनी, जास्त मोजणी आणि चांगला हिशेब हाती आल्यावर, आकडा ०.०९ पर्यंत उतरला. तारे ४० कोटी वर्षांवर गेले. २०१५ मध्ये प्लँकने ५५ कोटी म्हटले. २०१६ मध्ये ७० कोटी. २०१८ च्या अंतिम निकालात आकडा ०.०५४ आहे, पहिल्याच्या एक तृतीयांशाहून कमी.

तारे तेच, आकाश तेच. बदलत गेली ती यंत्राची आणि वाटेतल्या धुळीची समज. आपल्या आकाशगंगेतली धूळसुद्धा असाच ठसा उमटवते, ती वजा करावी लागते. आणि प्लँकमध्ये आणखी एक खोड निघाली. ग्राहकाकडून आलेला विद्युत संदेश आकड्यांत बदलणारा एक भाग असतो. त्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात. त्या तशा नव्हत्या. मीटरपट्टीवर मिलिमीटरच्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ पडाव्यात, तसे. २०१२ च्या जानेवारीत थंड ठेवणारा हेलियम संपला, त्या ग्राहकांचे आकाश पाहणे थांबले. पण शास्त्रज्ञांनी यंत्र लगेच बंद केले नाही. आकाश दिसत नाही तर नाही, आता निवांतपणे पायऱ्या मोजू, असे म्हणून त्यांनी त्या वाकड्या पट्टीची एकेक रेघ मोजून काढली. पुढे ७० कोटींचा आकडा आला त्यात या मोजणीचा मोठा वाटा आहे. आमच्या झिजलेल्या मीटरपट्टीकडे आम्ही आता वेगळ्या नजरेने पाहतो.

उलट्या प्रकारचेही उदाहरण आहे. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या एका गटाने, विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली, असे पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले. जगभर बातम्या आल्या. २०१५ च्या सुरुवातीला प्लँकबरोबर मिळून पाहिले तर ती खूण बहुतांशी धुळीची निघाली. यंत्र चांगले होते, घाई नडली.

आणि एक आपल्या दक्षिणेतले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ अँटेनावरून बातमी आली की पहिल्या ताऱ्यांची खूण ७८ मेगाहर्ट्झला सापडली, म्हणजे तारे १८ कोटी वर्षांनीच पेटले होते. शंका अशी होती की अँटेनाखालची जमीन फसवते का? जमिनीत थर असतात, ओल असते, दगड असतात. प्रत्येक थरावरून लहर वेगळी परत येते. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या मंडळींनी त्यावर साधा उपाय केला. त्यांनी आपली 'सारस' नावाची अँटेना तराफ्यावर ठेवून पाण्यात सोडली. पाणी सगळीकडे सारखे. २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर मोजणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: ती खूण दिसत नाही, आणि हे ते ९५.३ टक्के खात्रीने सांगतात. शंभर टक्के म्हणत नाहीत, हेही बघण्यासारखे. आपला गड्डेन्नवागू प्रकल्प भरला की त्याच्याकडे बघून आम्हाला आता तो तराफा आठवतो.

अजून न सुटलेले कोडेही आहे. विश्व किती वेगाने पसरते? पार्श्वप्रारणावरून प्लँकने २०१८ मध्ये काढलेला आकडा ६७.४, अनिश्चितता ०.५. ताऱ्यांवरून अंतरे मोजणाऱ्या गटाचा २०२२ चा आकडा ७३, अनिश्चितता १. एक गाडी, दोन काटे, दोन वजने, आणि फरक अनिश्चिततेत बसत नाही. कोणाचा काटा चुकतो की खरेच काही नवे आहे, यावर आज वाद चालू आहे. दोघांपैकी एकाने दुसऱ्याची वही पाहून आपला आकडा जुळवला असता, तर कोडे आहे हेच कोणाला कळले नसते.

वही पाहून जुळवण्याची ही भूल मोठ्यांनाही पडते, म्हणून शास्त्रज्ञ स्वतःपासूनच उत्तर लपवतात. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रयोगात २०१० च्या सप्टेंबरमध्ये मोजक्या माणसांनी गुपचूप एक खोटा संदेश घातला. बाकीच्यांनी सहा महिने खपून शोधनिबंधही लिहून ठेवला. मग मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून सांगितले की ही परीक्षा होती. याच जातीची वेधशाळा आपल्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभी राहायची आहे, तिची पायाभरणी मे २०२३ मध्ये झाली. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची ती वाटेवरचीच जागा. नारळीकर सरांनीही १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. नाव बघून परीक्षकांचा काटा झुकू नये म्हणून. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले.

आता पुन्हा आमच्या लंबकाकडे. ज्या मुलाने ९.४ पुसले त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बसवले आणि विचारले, कमी का आले ते शोध. दोऱ्याची लांबी त्याने गोळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजली होती, मध्यापर्यंत नाही. गोळीची त्रिज्या एक सेंटिमीटर. एक मीटरच्या दोऱ्यात एक टक्का तिथेच गेला, म्हणजे ९.८ चे ९.७ झाले. वीस दोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच थांबवायला अर्धा सेकंद उशीर झाला तर उत्तर अडीच टक्क्यांनी उतरते. ते झाले साडेनऊच्या आसपास. उरलेले कशामुळे गेले ते अजून शोधायचे आहे, असे तो म्हणाला. पट्टीच्या दहाव्या सेंटिमीटरपासून मोजून पाहतो, असेही म्हणाला. पाऊण तासात त्या मुलाने जे केले ते ९.८ लिहिणाऱ्या वर्गाने वर्षभरात केले नव्हते.

त्याने आणखी एक गोष्ट आपणहून विचारली: "सर, दहादा केलं तर चूक जाईल का?" स्टॉपवॉचवर बोट पुढे-मागे पडते ती चूक सरासरीत बरीच जाते. पट्टीच झिजलेली असेल तर हजार वेळा मोजले तरी ती चूक जागची हलत नाही. लांबट ठिपका, वाकड्या पायऱ्या, थरांची जमीन या सगळ्या दुसऱ्या जातीच्या चुका होत्या.

म्हणून आमची मते मांडतो. प्रयोगवहीत उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळले म्हणून गुण देणे येत्या सत्रापासून थांबवावे. कच्ची नोंद पेनाने व्हावी, खोडरबर प्रयोगशाळेबाहेर राहावे, चुकलेल्या आकड्यावर फक्त एक रेघ मारावी म्हणजे तो वाचता येईल. आकडा किती चुकला असेल आणि कशामुळे, याला निम्मे गुण असावेत. यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप आहे की बाहेरचे परीक्षक जुळलेलेच उत्तर पाहतात आणि मुलांचे नुकसान होईल. आक्षेप खोटा नाही. आम्हालाही ती भीती आहे. पण बाहेरची परीक्षा वर्षातून एकदा असते आणि प्रयोगशाळा वर्षभर. निदान वर्षभराच्या वह्या तरी खऱ्या असाव्यात.

पालकांना विनंती की मुलाच्या वहीत ९.४ दिसले तर "सगळ्यांचं ९.८ आलं, तुझं का नाही?" असे विचारू नये. काटा कसा तपासलास, हे विचारावे. बाजारात तुम्ही हेच विचारता.

विश्वस्त मंडळाकडे नवी महागडी यंत्रे मागत नाही. दुकानातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा छाप असावा लागतो आणि ठरावीक मुदतीने तो पुन्हा तपासावा लागतो. शाळेच्या काट्यांना तसे कोणी विचारत नाही. एक छापाच्या प्रमाण वजनांची पेटी, एक चांगली स्टीलची मीटरपट्टी, आणि प्रयोगाच्या तासाला जोडून दुसरा तास, एवढे मिळाले तर पुरे. जोड तासाला पैसे लागत नाहीत, वेळापत्रक लागते.

परवा एका पालकांच्या किराणा दुकानातून छापाचे दोनशे ग्रॅमचे वजन तासाभरासाठी आणले आणि प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. काट्याने १९८ दाखवले. पाच वेळा ठेवले, पाचही वेळा १९८. मुलांनी त्या काट्याला चिठ्ठी चिकटवली आहे: 'हा काटा २०० ला १९८ दाखवतो.' खाली तारीख घातली आहे.